गुडघ्यावरचा सूर

बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या माणसाचं घर त्याच्या पुढच्या दातांवर चालतं. वरचे दात वाद्याच्या चोचीवर टेकवायचे, खालचा ओठ पत्तीखाली गादीसारखा दुमडायचा आणि मग फुंकायचं. दात गेले की फुंक गेली. क्लॅरिनेटवाल्या मास्तरांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी दात सोन्यासारखे जपले. टणक काही चावणं नाही, बाटलीचं बूच दातानं ओढणं नाही, बर्फाचं तर नावच नाही. बायको म्हणायची, "एवढं मला जपलं असतं, तर मी अजून नवरीसारखी दिसले असते."

क्लॅरिनेटला ती फुंकणी म्हणायची. "ठेवा ती फुंकणी खाली आणि जेवून घ्या." मास्तर हसायचे. हसले की ते सगळे जपलेले दात दिसायचे.

लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पितळी बटणं. लग्नाची मिरवणूक असो, दुकानाचं उद्घाटन असो, नाहीतर कुणाची शेवटची वाट असो, कोट तोच. मयत असली तर झालर आत दुमडून टाचणी लावायची, एवढाच काय तो फरक. गावात बरं वाजवणारे आणखीही होते. पण क्लॅरिनेट जिथं संपतं, त्याच्या खाली मास्तरांकडे एक सूर होता आणि तो दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

तो वाद्यात नव्हताच मुळी. सगळी भोकं झाकून सगळ्यात खालचा सूर धरायचा, उजवा गुडघा वर घेऊन वाद्याचं खालचं तोंड मांडीनं अर्धंच दाबायचं, आणि त्याच क्षणी ओठ सैल सोडायचे. जास्त दाबलं तर वाद्य मुकं होतं, कमी दाबलं तर काहीच होत नाही. नेमकं जमलं, की खालून एक जाडसर, किंचित फाटका सूर यायचा, म्हातारं माणूस झोपेत कुणाला तरी हाक मारतंय असा. मास्तरांच्या वस्तादानं तो त्यांना दिला होता, तोही अर्धी जवानी पितळ घासून घेतल्यावर. देताना म्हणाला होता, "हा गाण्याच्या टोकाला ठेवायचा. नुसता वाजवून दाखवायचा नाही. नुसता वाजवला तर ढेकरेसारखा वाटतो."

मिरवणुकीत चालता चालता तो घ्यायचा म्हणजे थांबून एका पायावर उभं राहावं लागायचं. लोकांना वाटायचं, मास्तर रंगात आले. पोरं टाळ्या वाजवायची. बँडचा मालक, ज्याला सगळे शेठ म्हणत, तो मागून ओरडायचा, "अहो बगळेबुवा, पाय खाली टाका. मागं ढोलवाला धडकतोय."

मास्तरांना मूलबाळ नव्हतं. बहिणीचा नवरा कामासाठी कायम बाहेरगावी, त्यामुळं भाचा शाळा सुटली की मामाकडेच यायचा. एक खोली, आत स्वयंपाकाची जागा, ट्रंकेवर टीव्ही. त्या टीव्हीला भाच्यानं कुणाकडून तरी आणलेला जुना व्हिडिओ गेम जोडलेला असायचा, वायरी चिकटपट्टीनं बांधलेल्या. एक ठेंगणा माणूस उड्या मारत पळायचा आणि त्याच्यामागं एक चाल लागलेली असायची. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून, दिवसभर.

पहिले काही दिवस मास्तर ओठाला तूप लावून भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि म्हणायचे, "बंद कर रे ती पिपाणी."

मग एकदा दाढी करताना तीच चाल शिटीवर वाजवताना बायकोनं त्यांना पकडलं. "आता पिपाणी कुणाची?" ती म्हणाली.

पुढं दोघांचा धंदाच झाला तो. भाचा खेळायचा आणि मामा ऐकून चाल उतरवून घ्यायचे. पाण्याखालच्या टप्प्याची चाल मास्तरांना फार आवडायची. संथ, होडीत बसल्यासारखी डुलणारी. किल्ल्याची चाल त्यांना उगाच भुवया चढवलेली वाटायची. "नवा फौजदार आल्यासारखी," ते म्हणायचे. पण सगळ्यात लाडकी होती ती हरल्यावरची. ठेंगणा खड्ड्यात पडला की ती वाजायची. इवलीशी, पायरी पायरीनं खाली जाणारी, आणि शेवटी यंत्राचा एक फुसका टिक. त्या टिकच्या जागी मामांनी आपला गुडघ्यावरचा सूर ठेवला. खाटेच्या कडेला बसून, मांडी वर घेऊन. भाच्याला तो इतका आवडला, की पोरगं मुद्दाम खड्ड्यात उडी मारायचं आणि मामाकडे बघायचं.

"अरे, जिंकायला खेळतोस की हरायला?"

"तुम्ही वाजवा ना मामा."

मास्तर त्या चाली मिरवणुकीतही घुसवू लागले. मोठ्यांना कळायचं नाही, पोरं मात्र ओळखून बँडच्या मागं पळायची. एकदा एका मोठ्या दुकानदाराच्या अंत्ययात्रेत वाट लांबली आणि बँडकडच्या दुःखी चाली संपल्या. शेठ घाबरून इकडं तिकडं बघायला लागले. मास्तरांनी हरल्यावरची चाल चौपट संथ केली आणि टोकाला एका पायावर उभं राहून तो सूर लावला. माणसं हुंदके देऊ लागली. नंतर दुकानदाराच्या बायकोनं शेठना विचारलं, ती कुठली प्रार्थना होती. शेठ गंभीर तोंड करून म्हणाले, "फार जुनी आहे. आता कुणाला येत नाही." घरी भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो लोळून लोळून हसला होता.

भाचा मोठा झाला, शहाणा झाला, आणि गेमचं संगीत करणाऱ्या कंपनीतच लागला. मास्तरांना त्याचा केवढा अभिमान. "माझ्या खाटेवर शिकला तो," असं ते न्हाव्यालाही सांगायचे. मग एक दिवस भाचा घरी आला आणि म्हणाला, "मामा, आम्ही नवा गेम करतोय. त्यात मला तुमचं क्लॅरिनेट पाहिजे. तुमचंच. दुसऱ्या कुणाचं नको."

मास्तरांनी कोट धोब्याकडे टाकला. बटणं स्वतः घासली. बायको म्हणाली, "नवरदेव निघाला."

कंपनीतली ती खोली सगळीकडून स्पंजानं मढवलेली होती. पंखा बंद, दार बंद. आपल्याच कानात आपलं रक्त वाहताना ऐकू यावं इतकी शांतता. भाच्यानं सगळ्यात आधी कोट काढायला लावला, कारण बटणं वाजत होती. मग बूट, मग घड्याळ. शेवटी मास्तर बनियनवर, अनवाणी, स्टुलावर बसले. समोर माईक.

"हं, काय वाजवू? पाण्याखालची घेऊ?"

"गाणं नाही मामा. एकेक सूर द्या. आधी हळू, मग मध्यम, मग जोरात. प्रत्येक सूर विरेपर्यंत थांबायचं, मग पुढचा."

आता, बँडवाल्याची एक रीत असते. कार्यक्रमाआधी सगळे जण एकेक सूर फुंकून बघतात, जुळवून घेतात, मग गाणं लागतं. मास्तरांना वाटलं, यंत्र आपल्याशी जुळवून घेतंय. जुळलं की गाणं लागेल. म्हणून ते मन लावून सूर देत राहिले. तो दिवस गेला, दुसरा गेला. त्यांची एक सवय होती, जोराच्या सुराआधी नाकातून एक बारीक सुस्कारा जायचा. त्यांनी दरवेळी माफी मागितली. भाचा म्हणाला, "असू द्या. त्यानं खरं वाटतं."

"अरे, पण कणसातून हे दाणे नुसते सोलून किती ठेवणार? कणीस कुठंय?"

"होईल मामा. सगळं होईल."

शेवटी भाचा म्हणाला, "सगळ्यात खालचा द्या." त्यांनी दिला. भाच्यानं काचेपलीकडून त्यांच्याकडे बघितलं. "याच्याखाली काही?"

मास्तरांनी मांडीवरचा हात हलवला नाही. वस्तादाचे शब्द कानात होते, आणि सुटा द्यायचा तो सूर नव्हता. गाणं लागेल तेव्हा टोकाला देऊ, असं त्यांनी मनात ठरवलं होतं. "नाही," ते म्हणाले. "वाद्य तिथंच संपतं."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," भाचा म्हणाला, आणि दिवा मालवला.

मास्तर बूट घालून बाहेर आले आणि भाच्यानं निरोपाचं बोलणं सुरू केलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग गाण्याला कधी येऊ?" भाचा म्हणाला, "कळवतो." देणंघेणं काही ठरलं नव्हतं. भाच्याकडून कसलं काय घ्यायचं.

कळवलं ते गेम बाहेर आल्यावर. भाचा पेढे वाटणाऱ्याच्या उत्साहानं लॅपटॉप घेऊन घरी आला. पडद्यावर एक सुनसान रस्ता, रस्त्यावर एक म्हातारा प्रवासी चाललेला, आणि त्याच्यामागं क्लॅरिनेट. मास्तर पुढं सरकले. सूर त्यांचा होता. सुस्काराही त्यांचा. पण ती चाल त्यांनी जन्मात वाजवलेली नव्हती.

"हे मी कधी वाजवलं?"

"तुम्ही नाही मामा. तुमचे सूर घेऊन मी बटणांवर लिहिलं. आता काहीही लिहिता येतं."

मास्तर ऐकत राहिले. चाल सुरेख होती, हेच वाईट होतं. शेवटी नावं वर सरकू लागली. चित्रं काढणारे, हिशेब बघणारे, चहा आणणारे, ऑफिसातलं कुत्रंसुद्धा. बायको चष्मा लावून जवळ बसली होती. नावं संपली.

"यांचं राहिलं का रे?"

"मामी, वाजवणारा म्हणून कुणाचं नाव घालू? वाजवलं तर कुणीच नाहीये ना."

"आणि कुत्र्यानं काय वाजवलं?" मामीनं विचारलं.

भाचा हसला. मग हसणं एकट्याचंच आहे हे बघून लॅपटॉप मिटला.

पुढं कंपनीनं ते सूर बाहेरही द्यायला काढले. कुणीही घ्या, कशातही घाला. एका दुपारी मामी भांडी घासता घासता थांबली आणि म्हणाली, "तुम्ही शेजारी कधी गेलात?" मास्तर तिच्या मागंच बसले होते. शेजारची पोरगी मोबाईलवर कसला तरी शेतीचा गेम खेळत होती आणि त्यात क्लॅरिनेट वाजत होतं.

"तुमचाच सुस्कारा आहे हा," मामी म्हणाली. "आयुष्यभर शेजारी झोपले, मला कळणार नाही होय?"

मग तो सुस्कारा कुठंही भेटू लागला. दुकानात, जाहिरातीत, टॅक्सीत. आणि शेवटी बँडमध्ये. शेठनी एक कीबोर्डवाला ठेवला. पोरगा वाईट नव्हता, मास्तरांच्या पाया पडायचा. त्याच्या कीबोर्डवर बटण दाबलं की क्लॅरिनेट लागायचं, आणि ते क्लॅरिनेट कोण आहे हे त्याला ठाऊकही नव्हतं. एका लग्नात दोघं एकत्र वाजवायला लागले, तेव्हा शेठ मास्तरांच्या कानाशी येऊन म्हणाले, "मास्तर, तुम्ही जरा थांबा. तुमचं याच्याशी जुळत नाहीये. तुम्ही किंचित उतरताय."

"शेठ, तो मीच आहे."

"कोण?"

"त्या डब्यातला."

शेठनी त्यांच्या तोंडाचा वास घेतला. मास्तरांनी जन्मात दारू प्यायली नव्हती.

दात त्याच वर्षी हलायला लागले. एवढे जपलेले, पण हिरड्यांनीच साथ सोडली. दातांच्या डॉक्टरनं वरचे काढले आणि कवळी दिली. कवळीनं भाकरी चावता येते, चोच धरता येत नाही. फुंकलं की ती मागं सरकते आणि वारा गालातून फुस्स जातो. मास्तर दुपारच्या वेळी दार लावून प्रयत्न करायचे. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, कुणी सायकलीत हवा भरतंय. आजवर कामाला बोलवायला येणारा शेठचा माणूस यायचा थांबला.

तेव्हा बहिणीकडून कळलं, भाच्याच्या त्या गेमचा दुसरा भाग निघतोय. मास्तरांचं डोकं चालू लागलं. बाकीचे सूर दिले ते गेले, पण एक आपल्याकडे आहे. तो कुठल्याच डब्यात नाही. तो घेऊन जायचं. म्हणायचं, हा घे, पण गाण्यात घे. एक चाल मला सलग वाजवू दे, आणि टोकाला हा. म्हातारपणी माणसाला आणखी काय लागतं? एकदा आपणच वाजवलेलं आपल्याच नावावर असावं, एवढंच. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जाताय तर कवळीला चिकट पावडर लावून जा."

या वेळी कोट नेला नाही. त्या स्पंजाच्या खोलीत आपणहून बूट काढले, घड्याळ काढलं. भाचा आता मोठा साहेब झाला होता, तरी उठून पाया पडला.

"भाच्या, त्या वेळी तू विचारलंस, याच्याखाली काही आहे का. मी नाही म्हणालो. आहे."

मास्तरांनी पेटीतून क्लॅरिनेट काढलं.

"ऐक."

मास्तरांनी हरल्यावरची चाल धरली. पायरी पायरीनं खाली उतरताना वारा इकडून तिकडून गळत होता, तरी चाल ओळखू येत होती. टोकाला गुडघा वर आला, मांडी तोंडाला लागली, ओठ सैल सुटले. आणि ओठ सैल सुटताच कवळीही सुटली. सूर आला नाही. आला तो थुंकीचा आवाज. त्यांनी कवळी बोटानं बसवली आणि पुन्हा घेतलं. मग पुन्हा.

"राहू द्या मामा," भाचा म्हणाला. "आपल्याकडे आहे."

"तो नाहीये तुझ्याकडे. तोच तर सांगतोय."

भाच्यानं बटण दाबलं. गुडघ्यावरचा सूर वाजला. म्हणजे त्या जागेवरचा. वरच्या सुराला ओढून, ताणून, इस्त्री करून खाली बसवलेला. जाड होता, गोल होता, कुठं फाटलेला नव्हता.

"हा माझा नाही," मास्तर म्हणाले.

"शेजारच्यावरून बनवला. यंत्र करतं."

"म्हणजे तुला माहीत होतं, मी ठेवून घेतला ते."

"मामा, मी त्याच्यासाठी खड्ड्यात उड्या मारायचो. मला नसेल माहीत?"

"मग मागितला का नाहीस?"

"दोनदा विचारलं की. तुम्ही नाही म्हणालात. म्हटलं, द्यायचा नसेल." भाच्यानं खांदे उडवले, वाईट मनानं नव्हे. "त्यावाचून अडलं नाही मामा. कुणाला कळलंही नाही."

मास्तरांनी बूट घातले. नाडी बांधायला वेळ लागला. भाच्यानं खाली बसून बांधून दिली.

"दुसऱ्या भागात तरी एक चाल," मास्तर वरून म्हणाले.

"तुम्ही आहातच ना त्यात, मामा. तेव्हाचे. आता तुमच्याहून ते बरे वाजवतात."

हे त्यानं समजूत काढायला म्हटलं होतं.

नंतर बहीण येऊन गेली. "दादा, पोरावर राग धरू नकोस." मास्तर म्हणाले, "राग कसला? मीच तर नोकरीला आहे त्याच्याकडे." बहिणीला ते हसण्यावारी वाटलं, म्हणून ती हसली.

शेठ गेले ते उन्हाळ्यात. बँडच्या मालकाची अंत्ययात्रा, त्यामुळं सगळे कोट घालून आले. मास्तरांनी झालर दुमडून टाचणी लावली आणि रिकाम्या हातानं चालू लागले. हात कुठं ठेवायचे ते कळेना, शेवटी पाठीमागं बांधले. कीबोर्ड हातगाडीवर ठेवला होता, खाली बॅटरी. वळणावर दुःखी चाली संपल्या, तसा कीबोर्डवाला त्यांच्याजवळ झुकला.

"मास्तर, आता काय घेऊ?"

"हरल्यावरची घे."

"ती? त्या जुन्या गेममधली? मयतीत?"

"ती मयतीचीच आहे. विचार शेठना," मास्तर म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "घे तू. संथ घे."

पोरानं घेतली. गेम सगळ्यांनी खेळलेला, चाल बोटातच होती. प्रत्येक जोराच्या सुराआधी मास्तरांचा सुस्कारा हातगाडीवरून येत होता, तेव्हाचा, दातांसकटचा. चाल पायरी पायरीनं उतरली. टोक जवळ आलं तसा मास्तरांचा उजवा गुडघा आपोआप थोडा वर झाला. मग टिकच्या जागी पोरानं सगळ्यात खालचं बटण दाबलं आणि तो सूर लागला. इस्त्रीचा. माणसं रुमाल काढू लागली. मागून चालणाऱ्या बायकांतही कुणीतरी हुंदका दिला. मास्तरांनी पाय खाली ठेवला.

घरी आल्यावर दोघांनी आंघोळी केल्या. मामी केस पुसत पायरीवर बसली.

"आज शेवटचा सूर काय लागला हो," ती म्हणाली. "काळजात गेला."

मास्तरांनी भांड्यात पाणी ओतलं.

"तुमचा लागायचा तो जरा फाटकाच. मी कधी बोलले नाही, तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"हं," मास्तर म्हणाले, आणि कवळी काढून पाण्याच्या भांड्यात टाकली.